सरळ दातांचं डोकं

कवळीबाईंनी पोटच्या पोरीचा गळा कापला आणि मुंडकं कपाटात, कवळ्यांच्या डब्यांमागे, ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवलं, ही बातमी आमच्या गल्लीत मंगळवारी साडेअकराला फुटली आणि बारापर्यंत तिला हातपायही फुटले. सुरा कुठला, रक्त कुठे धुतलं, आदल्या आठवड्यात मायलेकींचं कशावरून वाजलं होतं, सगळं ठरून गेलं. बातमी आणणाऱ्या कोपऱ्यावरच्या काकू. काकूंची खालची कवळी मधोमध तडकली होती. ती झाली का बघायला त्या गेल्या, कवळीबाई आत प्लास्टर कालवत होत्या, म्हणून काकूंनी आपल्या हातानंच कपाट उघडलं. दुसऱ्यांची कपाटं उघडायची काकूंना जुनी सवय. फक्त या वेळी आतून कोणीतरी उलट त्यांच्याकडे बघितलं.

"बारकीच होती ती!" काकू दारोदार सांगत होत्या. खालचे दात जागेवर नसल्यामुळे त्यांचं निम्मं बोलणं वाऱ्यावर जात होतं, पण ऐकणाऱ्यांनी आपापल्या सोयीनं भर घातली. "डोळे उघडे, तोंड उघडं! आणि चार दिवस झाले, पोरगी दिसलीय का कुणाला, सांगा!"

चार दिवस पोरगी दिसली नव्हती हे खरं, दुकानानं तिला दुसऱ्या गावच्या शाखेत पाठवलं होतं. साडेबाराला ती बसमधून उतरली, खांद्याला पिशवी, कानात गाणी, आणि जिन्यापाशी जमलेल्या बायका बघून म्हणाली, "काय हो? कोण गेलं?"

काकूंनी पुढे होऊन तिची मान चाचपली. मागून, पुढून, कॉलर बाजूला सारून. "तूच आहेस," त्या म्हणाल्या. आवाजात दिलासा कमी आणि हिरमोड जास्त.

तर खरी गोष्ट अशी की डोकं रबराचं होतं आणि सिनेमाचं होतं. चेहरा मात्र बारकीचाच होता, आणि तो घडवला होता तिच्या आईनंच. म्हणजे काकू अगदीच खोटं बोलत नव्हत्या. नेहमीप्रमाणे त्यांनी मधला भाग गाळला होता.

कवळीबाईंचं खरं नाव गल्लीत फारसं कुणाला ठाऊक नाही. सव्वीस वर्षं त्या कवळ्या करतात. तळमजल्यावर दोन खोल्या. पुढच्या खोलीत लांब टेबल, मेण वितळवायचा दिवा, घासायचं मशीन, आणि तीन भिंतींना फळ्या. फळ्यांवर प्लास्टरचे जबडे, प्रत्येकावर चिठ्ठी. माणूस मेला तरी त्याचा जबडा फळीवर राहतो, कारण कवळी तुटली तर परत माप घ्यायला नको, आणि मेलेल्याची कवळी काही तुटत नाही हे बाईंच्या लक्षात येईतो पाच-सात वर्षं जातात. गल्लीतल्या निम्म्या म्हाताऱ्यांचं हसू बाईंच्या हातचं. पण बाईंचं नाव कोणी घेत नाही. लोक आरशात बघतात आणि म्हणतात, "डॉक्टरांचा हात काय आहे!" डॉक्टर म्हणजे चौकातले दातांचे डॉक्टर. ते माप घेऊन पाठवतात, बाई दात करून पाठवतात, डॉक्टर ते तोंडात बसवतात आणि शाबासकी खिशात घालतात.

बाईंच्या बोटांची टोकं केव्हाच बधिर झालीत. गरम मेण त्या नुसत्या हातानं उचलतात आणि समोरच्याला घाम फुटतो. नुसती बोटंच नाहीत, असं गल्लीचं मत. नवरा गेला त्या दिवशी बाईंनी दुपारी चार वाजता एक कवळी घासून पुरी केली, कारण ती पाचला द्यायची होती. "दगड आहे दगड," असं तेव्हा काकू म्हणाल्या होत्या. कवळी काकूंच्याच नणंदेची होती, ते सोडा.

बाईंची एकुलती एक लेक बारकी. आता तेवीस वर्षांची आणि आईपेक्षा वीतभर उंच, पण नाव चिकटलं ते चिकटलं. एका मोठ्या दुकानात प्रसाधनांच्या काउंटरवर उभी राहून ती दिवसभर दुसऱ्या बायकांच्या ओठांना रंग लावायची, आणि मनातून वाट बघायची की कधीतरी कोणीतरी आपल्या ओठांकडे बघेल. चार वर्षं ऑडिशन देत होती. आतापर्यंत पडद्यावर तिचं काय काय आलं होतं याचा हिशेब गल्लीत तोंडपाठ होता: एका नवरीची पाठ, गर्दीतला एक खांदा, आणि साबणाच्या जाहिरातीत एक कोपर. "हळूहळू वर चाललीय," मागच्या बिल्डिंगमधले काका म्हणायचे, "पुढच्या वर्षी हनुवटीपर्यंत पोचेल."

चेहरा चांगला होता हो. फक्त वरचा डावा सुळा शेजारच्या दातावर चढून बसला होता, गर्दीत पुढे घुसलेल्या माणसासारखा. बारकी हसली की आधी तो दिसायचा, मग ती. तो दात बापाचा. बापही असाच हसायचा, डावीकडून.

आणि मग बारकीला हा सिनेमा मिळाला. खुनाखुनीचा. एका मुलीला मोठी नटी व्हायचं असतं. तिच्यापुढे रांगेत ज्या ज्या उभ्या, त्या एकेक करून मरत जातात. पांढरा मुखवटा घातलेला कोणी तरी सुरा घेऊन हिंडतो, आणि शेवटी मुखवट्याआड तीच मुलगी निघते. शेवट आधीच सांगितला म्हणून रागावू नका, तो पोस्टर बघून आमच्या काकूंनाही कळला होता. बारकी त्यात मरणारी तिसरी. दोन प्रसंग, सात वाक्यं, एक किंकाळी. मग त्या मुलीला जिची जागा हवी असते ती मोठी नटी आपल्या मेकअपच्या खोलीत येते, आरशासमोर स्टँडवर केसांचे टोप मांडलेले असतात, ती एक टोप उचलायला जाते, आणि त्या टोपाखाली डोकं असतं.

अशी डोकी करणारा त्यांचा कारागीर ऐनवेळी दिग्दर्शकाशी भांडून सामान टाकून निघून गेला. सगळे डोक्याला हात लावून बसले असताना बारकी म्हणाली, "माझी आई मापं घेते."

"कसली मापं?"

"तोंडाची," बारकी म्हणाली. तेवढं पुरलं.

माप घेतलं ते बाईंच्याच खोलीत, एका रविवारी सकाळी. बारकीच्या केसांवर रबरी टोपी, भुवयांना व्हॅसलीन. दातांचं माप घ्यायची जी गुलाबी पेस्ट असते, पुदिन्याच्या वासाची, तीच बाईंनी बादलीभर कालवली.

"अंगाला खाज सुटली तरी हलायचं नाही," बाईंनी बजावलं. "घुसमटलं तर हात वर कर. बोलायचं नाही."

"आणि शिंक आली तर?"

"तर नाक राहील शिंकेसारखं."

बाईंनी पेस्ट कपाळापासून खाली ओढत आणली. डोळे गेले, गाल गेले, ओठ गेले. नाकपुड्या तेवढ्या मोकळ्या ठेवल्या. वरून प्लास्टरच्या ओल्या पट्ट्या. वीस मिनिटं खुर्चीत एक पांढरा गोळा बसला होता आणि त्याच्या दोन भोकांतून श्वास येत-जात होता. तेवीस वर्षांत बारकी इतका वेळ गप्प बसल्याची ही पहिलीच खेप. बाई घड्याळाकडे बघत उभ्या होत्या. मध्येच त्यांनी दोन बोटं त्या भोकांपुढे धरली. वारा लागत होता, पण बोटांना नीट कळेना, म्हणून मग मनगट धरलं.

साचा निघाल्यावर त्यात लगेच प्लास्टर ओतावं लागतं. ती पेस्ट वाळली की आक्रसते, तासाभरात माणसाचा चेहरा त्याच्या धाकट्या भावंडाचा दिसायला लागतो. बाईंनी लगेच ओतलं. पुढचं रबर ओतणं, रंगवणं, केस लावणं सिनेमाच्या मेकअपवाल्यानं केलं. बाईंकडे राहिलं तोंड. किंकाळी मारतानाचं उघडं तोंड हवं होतं, म्हणजे दात हवेत. बाईंनी बारकीच्या दातांचं वेगळं माप घेतलं, प्लास्टरचा जबडा समोर ठेवला, आणि मेणात एकेक दात रोवत गेल्या. सव्वीस वर्षांचं काम. हात आपोआप चालत होते. दोन दिवसांत दात झाले, आणि ते डोकं पुरं होऊन कपाटात गेलं, जिथे पुढे काकूंची आणि त्याची गाठ पडायची होती.

शूटिंग एका जुन्या गोदामात होतं. मोठ्या नटीचे दोनच दिवस शिल्लक होते, म्हणून डोकं सापडण्याचा प्रसंग आधी, आणि बारकीचं जिवंतपणीचं काम पुढच्या आठवड्यात, असं ठरलं. म्हणजे बारकी आधी मेली आणि मग जगायला येणार होती. सिनेमावाल्यांना त्यात काही वावगं वाटत नाही.

दिव्यांच्या उजेडात मेकअपवाल्यानं फडकं काढलं. पंचवीस-तीस माणसं होती. सगळी मान लांब करून बघायला लागली. मग कोणीतरी टाळी वाजवली आणि सगळ्यांनी उचलून धरली. मोठी नटी म्हणाली, "अगंबाई, हे तर माझ्यापेक्षा बरं काम करतंय." दिग्दर्शक बाईंपाशी आला. डोक्यावर कायम टोपी असलेला, पस्तिशीचा माणूस. हात जोडून म्हणाला, "मॅडम, तुमचं नाव पडद्यावर येणार. गर्दीत नाही. वेगळ्या ओळीत."

बाईंना उभ्या आयुष्यात कोणी मॅडम म्हटलं नव्हतं.

तेवढ्यात बारकी पुढे आली, डोक्याच्या बाजूला तोंड नेलं, आणि फोटोसाठी हसली. डावीकडून.

आणि बाईंना दिसलं. इकडे लेकीच्या तोंडात सुळा वर चढून बसलेला, आणि तिकडे रबराच्या तोंडात सगळे दात एका ओळीत, शाळेतल्या कवायतीसारखे. माप समोर होतं, जबडा समोर होता, तरी हातानं आपलंच केलं होतं. वाकडा दात ही गिऱ्हाइकाची तक्रार असते. कवळीत वाकडा दात बसवला तर कवळी परत येते. सव्वीस वर्षांत बाईंनी एकही वाकडा दात बसवला नव्हता, आणि लेकीच्या वेळी हाताला वेगळं काही सांगायचं राहून गेलं होतं.

सांगायला हवं होतं. तोंड उघडलंही त्यांनी. दात काढून नवा रोवायला दोन तास, फार तर अडीच. पण कोणीतरी खुर्ची आणली. "बसा ना मॅडम," तो म्हणाला, आणि खुर्चीवरची धूळ आपल्या बाहीनं पुसली. टाळ्या अजून पुरत्या थांबल्या नव्हत्या.

बाई बसल्या.

सोमवारी बोलावणं आलं. बारकीची कॅमेऱ्यासमोर चाचणी झाली होती. दिग्दर्शकानं दोन चित्रं शेजारी लावून ठेवली होती. एकात बारकी किंचाळत होती, दुसऱ्यात डोकं.

"मॅडम, हे डोकं हिचं नाही," तो म्हणाला.

"चूक माझी," बाई म्हणाल्या. "मी दुसरे दात करून देते."

"चूक कसली? डोकं अप्रतिम आहे! आणि ते शूट झालं ना. ती नटी आता सहा महिने मिळत नाही." त्यानं टोपी काढून परत घातली. "बदलायची तर मुलगी बदलू. डोक्याच्या अंगानं जाणारी दुसरी बघू."

बारकीनं डोक्याच्या चित्रावर बोट ठेवलं. "माझाच चेहरा आहे तो!"

"दात सोडून," दिग्दर्शक म्हणाला. वाईट माणूस नव्हता. फक्त खरं ते बोलला. "बाकी कोणालाही मेकअपनं या चेहऱ्याच्या जवळ आणता येईल. लांबून चार सेकंद दिसतं. पण सुळा लपत नाही."

"वरून टोपण घातलं तर?" मेकअपवाल्यानं विचारलं.

"आधीच पुढे आलेला दात," बाई म्हणाल्या. "टोपण घातलं तर आणखी पुढे येईल. घासूनच काढावा लागेल."

हे त्या कारागिराच्या सवयीनं बोलून गेल्या. कोणी विचारलं की खरं उत्तर द्यायचं, एवढंच. पण वाक्य सुटलं आणि बारकीनं ते वरच्यावर झेललं.

"मग घासून घेते! किती दिवस आहेत?"

"शुक्रवारी तुझा प्रसंग आहे."

"होईल ना आई? डॉक्टर घासतील, तू कॅप करशील. होईल ना?"

खोलीतली सगळी माणसं बाईंकडे बघत होती. "बघू," बाई म्हणाल्या.

घरी येताना बसमध्ये बाईंनी एकदाच विषय काढला. "चांगला दात आहे. एकदा घासला की परत येत नाही."

"आई, सात वाक्यं आहेत," बारकी म्हणाली. "चार वर्षांत मला कोणी एक वाक्य दिलं नव्हतं."

चौकातल्या डॉक्टरांनी आरसा घालून दात पाहिला, टकटक करून पाहिला, आणि चष्मा कपाळावर सरकवला. "हा दात का घासू मी? किडका नाही, हलत नाही. बारा वर्षांच्या पोराचा असावा तसा आहे."

"वाकडा आहे," बारकी म्हणाली.

"मग? माझं नाक वाकडं आहे. मी घासतोय का?"

"तुमच्या नाकाला कोणी सिनेमात घेतलं नाही डॉक्टर."

डॉक्टर हसले नाहीत. ते बाईंकडे वळले. पंचवीस वर्षं एकमेकांचं काम सांभाळलेली माणसं. एकमेकांशी चिठ्ठ्यांवरच बोलायची. "बाई, तुम्ही सांगा. तुम्ही नाही म्हणालात तर मी हात लावणार नाही. तिच्या वयाकडे बघून तुमचं ऐकतो."

म्हणजे पुन्हा बाईंवरच आलं. नाही म्हटलं की दात वाचत होता आणि सात वाक्यं जात होती. हो म्हटलं की वाक्यं मिळत होती. आणि नाही म्हणायचं तर का, हे लेकीला सांगावं लागलं असतं: मी तेव्हाच बघितलं होतं. बाईंनी मान हलवली. हो अशी.

डॉक्टरांनी हिरडीत सुई दिली. "दहा मिनिटं. चढू दे." आणि ते पलीकडच्या खुर्चीतल्या पेशंटकडे गेले.

बारकी मान मागे टाकून पडली होती. गालात कापसाचे बोळे, ओठ हळूहळू एका बाजूनं सैल होत चाललेला. बाई शेजारच्या स्टुलावर. त्यांनी लेकीच्या ओठाला बोट लावलं.

"लागतंय?"

बारकीनं मान हलवली. नाही.

मलाही, असं बाईंच्या मनात आलं. बोटालाही नाही आणि ओठालाही नाही. मग त्या बोलल्या, खिडकीकडे बघत, जणू पडद्याच्या कापडाचा भाव विचारत होत्या. "त्या दिवशी गोदामात मला दिसलं होतं. तू डोक्याशेजारी हसलीस ना, तेव्हाच. दोन तासांचं काम होतं. मी बोलले नाही. त्यांनी मला खुर्ची दिली होती."

"हं," बारकी म्हणाली. दुसरं काही म्हणता येण्यासारखं तिच्या तोंडात काही उरलं नव्हतं. आणि बाईंना ते ठाऊक होतं. तीच वेळ त्यांनी निवडली होती.

डॉक्टर परत आले. मशीनचा आवाज सुरू झाला. बाईंनी सव्वीस वर्षांत हजारो दात घासले होते, पण सगळे बनावट. त्यांची पांढरी भुकटी उडते, तिला वास नसतो. याला होता. जळालेल्या नखासारखा. बाई तिथेच बसून राहिल्या. आपल्याला आता काहीतरी व्हायला हवं, असं त्यांना वाटत होतं. त्या वाट बघत राहिल्या. काही झालं नाही. पलीकडच्या पेशंटचा मोबाइल वाजला, त्यानं तो बंद केला.

सुळ्याच्या जागी एक छोटा खुंट राहिला. त्याचं माप घेऊन बाई घरी आल्या आणि त्याच दुपारी त्यांनी कॅप केली. शेजारच्या दातांशी रंग इतका जुळला की डॉक्टरांनासुद्धा बोट लावून खात्री करावी लागली.

त्या संध्याकाळी बारकी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि निम्मं पाणी हनुवटीवरून खाली आलं. ओठ अजून जागा झाला नव्हता. बाईंनी पुसायला फडकं पुढे केलं.

"मला पण दिसलं होतं," बारकी म्हणाली. शब्द बोबडे येत होते. "फोटोत. त्याच दिवशी."

बाई थांबल्या. "मग बोलली का नाहीस?"

"चांगली दिसत होते मी." तिनं फडकं घेतलं. "मला वाटलं, असू दे. कधीतरी तरी मी तशी दिसते."

बाईंनी गॅस बंद केला. वरच्या मजल्यावर कोणाचं तरी दार आपटलं. दोघींनी जेवून घेतलं, बारकीनं उजवीकडून.

सिनेमा आला तेव्हा गल्लीतून चौदा माणसं गेली. काकू दुरुस्त कवळी घालून पहिल्या रांगेत. पहिला खून झाला, दुसरा झाला, मग बारकी आली आणि आमच्या रांगांतून शिट्ट्या वाजल्या. तिची सात वाक्यं होती, त्यांतली दोन राहिली होती. किंकाळी होती, पण मुखवटेवाल्याची पाठ मध्ये आली होती. किंकाळी ऐकू आली, तोंड दिसलं नाही. सुळा सरळ असता काय आणि वाकडा असता काय, त्या पाठीला फरक पडत नव्हता. मग टोप उचलला गेला आणि डोकं आलं. चार सेकंद. सबंध पडदा भरून, सगळे दात एका ओळीत. शेजारच्या रांगेतला एक माणूस "बाप रे" म्हणाला.

"छान आलंय गं!" काकू मागे वळून ओरडल्या. "कपाटात याहून भयानक दिसत होतं!"

शेवटी नावं सुरू झाली. लोक उठले, पिशव्या शोधायला लागले. बाई बसून राहिल्या. त्यांचं नाव आलं. वेगळ्या ओळीत, शब्द दिल्याप्रमाणे. वर सरकत गेलं आणि संपलं. बाईंनी ते नीट वाचलं. आता काय वाटतंय, म्हणून त्यांनी मनात चाचपून बघितलं, सुई दिल्यावर माणूस जिभेनं दात चाचपतो तसं. आहे का नाही तेच कळेना.

"आई, आलं तुझं नाव," बारकी म्हणाली.

"बघितलं."

"माझी दोन राहिली."

"ऐकली."

त्या बसथांब्यावर आल्या आणि बस लवकर मिळाली.

पुढच्या तीन महिन्यांत बारकीला कोणी बोलावलं नाही. तिनं काउंटर सोडलं नव्हतं हे बरं. ती हसायची, फोटोंमध्ये छान यायची, आणि बाईंना प्रत्येक वेळी क्षणभर वाटायचं की दुसऱ्याच कोणाची तरी मुलगी आपल्या घरात राहते. मग एका सकाळी तिचा गाल सुजला. डॉक्टरांनी कॅप काढून पाहिली. आतला दात मेला होता. "कधीकधी होतं असं," ते म्हणाले, "घासलेला दात सहन करत नाही." त्यांनी आतली नस काढून टाकली. उरलेला खुंट किती दिवस टिकेल ते सांगता येत नाही, असंही म्हणाले. बाईंकडे मात्र त्यांनी बघितलं नाही. बाईंनी दुसरी कॅप केली.

त्याच आठवड्यात सिनेमावाल्यांचा माणूस दारात आला. हातात कंपनीचा कागद, गळ्यात ओळखपत्र. सिनेमा चालला होता, दुसरा भाग निघत होता. या वेळी खुद्द मोठ्या नटीचं डोकं हवं होतं, आणि तिनं स्वतः सांगितलं होतं की माप घेईल तर त्या बाईच. दिग्दर्शकानं निरोप दिला होता: मॅडमना गाडी पाठवू, खुर्ची नाही, वेगळी खोली देऊ. आतल्या खोलीत बारकी गालाला थंड पाण्याची पिशवी लावून पडली होती. मधलं दार उघडं होतं. जिन्यात आम्ही दोघी-तिघी होतोच. नळाचं काहीतरी बघत होतो.

"मावशी, लाखात एक संधी आहे," तो माणूस म्हणाला. "आणि या वेळी नाव शेवटी नाही हं. सुरुवातीला. एकटं. सबंध पडद्यावर. मी स्वतः लिहून देतो, नाव आम्ही देऊ."

बाईंनी हातातला जबडा फळीवर ठेवला, त्याची चिठ्ठी सरळ केली आणि म्हणाल्या, "नाव तुम्ही द्याल हो. दात कोण देणार?"